सांधा सत्तेचाळीसचा आवाज

सोमवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी किनारी मार्गाची दक्षिणेकडे जाणारी बाजू बंद करण्यात आली. हुकूम पूल तपासणी विभागाच्या पायी गस्तीच्या प्रमुख बाईंनी स्वतःच्या सहीने दिला. अपघात झाला नव्हता. काही कोसळले नव्हते, कुठे तडाही दिसत नव्हता. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या क्षणी शहरातला एकूण एक पूल हिरव्या रंगात होता. हुकुमाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एवढेच लिहिले होते: सांधा ४७ चा आवाज बंद.

कागद वाचून नियंत्रण कक्षाच्या अधिकाऱ्याने बाईंना फोन लावला आणि आवाज बंद झाला ही तक्रार आहे की आनंदाची बातमी, असे विचारले. त्याचे काही चुकले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी याच बाईंनी ती आनंदाची बातमी म्हणून लिहून दिली होती.

या शहराला तीन बाजूंनी पाणी आहे. एकीकडे समुद्र, दोन बाजूंना खाडी. जमीन पुरेना तेव्हा शहराने रस्ते उचलून वर घेतले. आज दोनशे बारा किलोमीटरचे रस्ते खांबांवर आहेत. बंदरातून निघालेला कंटेनर एकाही सिग्नलला न थांबता खाडीपलीकडे उतरतो. दक्षिण टोकाच्या शाळेतली शिक्षिका उत्तर टोकाला राहू शकते आणि पहिल्या तासाला वेळेवर पोहोचते. बाहेरगावचे लोक समुद्र पाहायला येतात आणि परत गेल्यावर रस्त्यांचे कौतुक सांगतात. हे चाळीस वर्षांचे काम आहे आणि ज्यांनी ते केले त्यातले बरेच लोक अजून याच रस्त्यांखाली राहतात.

काँक्रीट उन्हाने लांबते आणि गारव्याने आखडते. म्हणून पुलाच्या दोन गाळ्यांमध्ये फट सोडावी लागते. त्या फटीवर दोन्ही बाजूंनी पोलादी दातेरी पट्ट्या बसवतात. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे त्यांचे दात एकमेकांत येतात. हा सांधा. शहरात असे अकराशे चाळीस सांधे आहेत. गाडीत बसलेल्याला तो एक बारीकसा दणका वाटतो. पायी गस्तीला तो आवाज वाटतो.

गस्तीत अकरा माणसे आहेत. पाच जोड्या आणि प्रमुख बाई. पद्धत जुनी आणि साधी आहे. पुलाखाली जायचे, सांध्याच्या बरोबर खाली उभे राहायचे, वर पाहायचे नाही. दहा अवजड वाहने जाईपर्यंत ऐकायचे आणि जे ऐकू आले ते नोंदवहीत आपल्या शब्दांत लिहायचे. मागच्या नोंदीशी शब्द जुळला तर पुढे चालायचे. नाही जुळला तर कठड्याजवळची झाकणपट्टी उघडून फट मोजायची. झाकणपट्टी उघडायला कडेची मार्गिका बंद करावी लागते, म्हणून एरवी फट वर्षातून दोनदाच मोजली जाते.

त्यामुळे नोंदवहीत सांधा १२ ची नोंद ‘शिंक’ अशी आहे. २९ ची ‘रिकामा डबा, झाकणासकट’. ३३ ची ‘दार वाजवून पळून गेलेला माणूस’. नव्या अभियंत्यांना हे वाचून हसू येते. त्यांचा दोष नाही. गस्तीतली माणसेही एकमेकांच्या नोंदी वाचून हसतात. पण वर्षानुवर्षे ‘शिंक’ असलेला सांधा एका मंगळवारी ‘ढेकर’ झाला, तेव्हा त्याच्या खालचा रबरी टेकू फाटलेला निघाला होता, हेही त्याच वहीत आहे.

सांधा ४७ ची नोंद एकतीस वर्षे एकच होती: ‘टाळी. एक. कोरडी.’

गेल्या वर्षी सगळ्या सांध्यांना कंपन मोजणारी यंत्रे बसली. कंपन ठरलेल्या मर्यादेत असेल तर पडद्यावर हिरवा, वाढले तर पिवळा, फार वाढले तर लाल. यंत्रे चांगली आहेत. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी दोन सैल झालेले सांधे गस्तीच्या आधी पकडले, आणि हे बाईंनीच आपल्या अहवालात लिहिले आहे. यंत्रे असताना अकरा माणसांनी पुलाखाली कान लावून फिरावे का, हे ठरवण्यासाठी विभागाच्या समितीची बैठक या सोमवारच्याच आठवड्यात, बुधवारी होती. गस्त बंद झाली तर अकराही जणांना कार्यालयात टेबल मिळणार होते. कुणाची नोकरी जाणार नव्हती. जाणार होते ते काम.

बाईंचे घर सांधा ४७ पासून सत्तर मीटरवर, चौथ्या मजल्यावर आहे. घर वडिलांनी घेतलेले. वडील या किनारी मार्गावर सांधे बसवणाऱ्या टोळीचे फोरमन होते आणि ४७ त्यांच्या हातचा. मार्ग सुरू झाल्यावर त्यांनी शहरभर घरे पाहिली आणि शेवटी पुलाला नाक लावून उभ्या असलेल्या इमारतीतले, सगळ्यांनी नाकारलेले हे घर निवडले. आईने त्या सांध्याचे नाव तेव्हाच ‘सवत’ ठेवले. रात्री-अपरात्री टाळी वाजली की म्हातारा कूस बदलून ऐकत राहतो, आणि मी हाक मारली तर कानावर उशी घेतो, ही तिची कायमची तक्रार.

टाळी का वाजते हे वडिलांना पक्के ठाऊक होते. मार्गाचे उद्घाटन दोन दिवसांवर आले असताना शेवटची पट्टी भर दुपारी बसवावी लागली. तापलेल्या काँक्रीटवर बसवलेली पट्टी थंड झाल्यावर एका कडेला मिलिमीटरभर सैल राहिली. अवजड चाक गेले की ती खाली आपटायची. धोका काही नव्हता. तरीही पट्टी काढून नीट बसवू द्या, असे त्यांनी तीनदा लेखी मागितले आणि तिन्ही वेळा, चालू मार्ग एवढ्यासाठी बंद करता येणार नाही, असे उत्तर आले. त्यांच्या हातून बसलेल्या दोनशे सहा सांध्यांत हा एकच बोलका. त्याच्याच शेजारी राहायचे त्यांनी ठरवले. का, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि घरात कुणी विचारले नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वडील महिनाभर थोरल्या मुलीकडे होते. रविवारी संध्याकाळी परत आले. सोमवारी पहाटे पाचला बाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, हातात वहीचा कागद, त्यावर पाच-पाचच्या रेघोट्या.

“बेचाळीस ट्रक गेले,” ते म्हणाले. “एकदाही वाजली नाही.”

बाईंनी समजावले की गेल्या महिन्यात तिथे नवे डांबरीकरण झाले. तेव्हापासून आवाज बंद आहे. समोरच्या इमारतींमधल्या लोकांनी विभागाला आभाराचे पत्रसुद्धा पाठवले. आतल्या खोलीतून आई म्हणाली की पत्रावर तिचीही सही आहे, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती सलग महिनाभर झोपली, आणि आता म्हाताऱ्याने खुर्ची उचलून आत यावे.

वडिलांनी खुर्ची उचलली नाही.

“डांबर चाकाखाली असतं, बाळ. टाळी पोलादाची होती. डांबराने ती कशी थांबेल?”

पुढच्या दहा मिनिटांत काय झाले ते बाईंनी नंतर अहवालात क्रमाने लिहिले आहे. त्यांनी गस्तीची वही काढली. मागच्या तीन मंगळवारच्या नोंदी उघडल्या. तिन्ही त्यांच्याच अक्षरात होत्या, कारण ४७ सकट बंदराच्या उतारावरचे सगळे सांधे त्या स्वतः ऐकतात. पहिली नोंद: ‘डांबरीकरणानंतर टाळी बंद. समाधानकारक.’ दुसरी: ‘शांत. समाधानकारक.’ तिसरी फक्त ‘शांत’. शब्द मागच्या नोंदीशी जुळला नाही तर फट मोजायची, हा नियम त्यांनी नव्या माणसांना स्वतः शिकवला होता. टाळी आणि शांत हे दोन शब्द जुळत नाहीत. आवाज वाढला, बदलला, फाटला तर गस्तीचा माणूस थबकतो. आवाज गेला तर त्याला बरे वाटते. ही चूक ज्यांचा जन्म कानावर गेला तेच करू शकतात, आणि ती बाईंनी ओळीने तीनदा केली होती.

साडेपाचला त्या पुलावर होत्या. बरोबर गस्तीतला एक सहकारी होता, ज्याला सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण खिशात पाकीट नसले तरी चालेल, मोजपट्टी लागतेच. कडेच्या मार्गिकेत शंकू लावून त्यांनी झाकणपट्टी उघडली. त्या दिवशी त्या वेळी काँक्रीटचे तापमान पंचवीस अंश होते. त्या तापमानाला तक्त्याप्रमाणे फट बेचाळीस मिलिमीटर हवी. मोजपट्टीने तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा अकरा आली. दातही सरळ नव्हते. किंचित तिरपे होऊन एकमेकांना घट्ट भिडले होते. सैल पट्टीला हलायला जागाच उरली नव्हती. म्हणून टाळी बंद होती. कंपन कमी झाले म्हणून यंत्र हिरवे होते. यंत्राने त्याला सांगितलेले काम चोख केले होते.

मोजपट्टी म्हणाला, “ताई, आज ऊन आहे.”

गेला आठवडाभर आकाश ढगाळ होते. सोमवारचा अंदाज निरभ्र आकाशाचा होता. दुपारी दोनपर्यंत काँक्रीट सदतीस अंशांवर जाणार, म्हणजे गाळा चोवीस मिलिमीटर लांबणार. जागा अकराची. उरलेले तेरा मिलिमीटर पूल कुठून तरी घेणार होता, आणि कुठून, हे कुणालाच माहीत नव्हते. सोमवारी सकाळी सात ते दहा या वेळात त्या बाजूने अडतीस हजार वाहने जातात, त्यांतली चार हजार बंदराची.

गस्तीच्या प्रमुखाला स्वतःच्या सहीने रस्ता बंद करता येतो, पण दोनच तास. त्यापुढे मुख्य अभियंत्यांची सही लागते. बाईंनी घड्याळ पाहिले आणि सही केली.

पहिल्या तासात त्यांना सतरा फोन आले. त्यांतला एक वाहतूक पोलिसांचा होता, एक बंदराच्या व्यवस्थापकाचा, एक त्यांच्या आईचा. आईचा फोन तेवढा छोटा होता. तिने विचारले की सवतीला झाले तरी काय. आणि ऐकून घेतल्यावर म्हणाली की मग पत्रावरची सही मागे घेता येते का ते बघ.

नियंत्रण कक्षाच्या अधिकाऱ्याचा विश्वास अजून बसला नव्हता. तसे त्याने बोलूनही दाखवले. पण काम त्याने जीव ओतून केले, हे इथे नोंदवायला हवे. बंदराचे ट्रक त्याने फाटकावरच वळवून बाहेरच्या वळणरस्त्याला लावले. गाड्या जुन्या किनाऱ्याच्या रस्त्यावर उतरवल्या, आणि तिथले एकोणीस सिग्नल एका तालात हिरवे होतील असे बांधून दिले. बस बोगद्यातून सोडल्या. सात ते आठ या तासात शहराचा एक मुख्य रस्ता नाहीसा झाला होता आणि सरासरी उशीर होता चौदा मिनिटांचा. बंद रस्त्याचे ओझे बाकीच्या रस्त्यांनी आपसात वाटून घेतले. ज्यांनी हे जाळे आखले त्यांनी असेच व्हावे म्हणून आखले होते. पण कागदावर आखणे वेगळे आणि सोमवारी सकाळी ते घडताना पाहणे वेगळे. अधिकारी नंतर म्हणाला की बारा वर्षांच्या नोकरीत त्या तासाभरात त्याने पहिल्यांदा पडद्याकडे टाळ्या वाजवाव्यात अशा नजरेने पाहिले. वळवलेल्या एका बसचा चालक बोगद्यातून बाहेर पडताना प्रवाशांना म्हणाला होता की हा रस्ता जवळचा निघाला, उद्यापासून असेच येत जाऊ.

मुख्य अभियंते सात पन्नासला पुलावर आले. आकड्यांवर चालणारा, आवाज न चढवणारा माणूस. समितीसमोर गस्त बंद करण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता, आणि तो मांडण्याआधी बाईंना बोलावून वाचून दाखवला होता. त्यांनी आधी फट पाहिली. स्वतः मोजली. अकरा. मग विचारले की सांधा तीन आठवडे अडकलेला असेल तर या तीन आठवड्यांत दुपारी तो भिडलाच असेल. मग काही झाले कसे नाही?

“झालं असेल, साहेब,” बाई म्हणाल्या. “आपण पाहिलेलं नाही.”

नोंदी कुणाच्या, हा त्यांचा पुढचा प्रश्न. बाईंनी वही पुढे केली. पान आधीच उघडून ठेवले होते. तीन ओळी वाचायला वेळ लागत नाही, पण मुख्य अभियंत्यांनी वेळ घेतला. वहीचे पुठ्ठे मिटून ते म्हणाले की बुधवारी समितीत हे पान वाचले गेले तर गस्तीच्या बाजूने बोलायला काही उरणार नाही. बाई म्हणाल्या की पान त्या स्वतःच वाचणार आहेत. तिथे उभा असलेला मोजपट्टी सांगतो की त्या वेळी ताईंचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त हातातला पेन्सिलीचा तुकडा मोडला होता.

आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. फट कमी होणे हा पुरावा होता, पण कशाचा, हे सांगता येत नव्हते. सांध्यात दगड-मातीचा कचरा अडकला असेल तर साफ करून दुपारपर्यंत रस्ता सुरू करता आला असता. गाळाच सरकला असेल तर गोष्ट वेगळी. तो धरून ठेवणारा पक्का टेकू तीन खांब मागे, खांब ४४ वर होता. तिथे पोहोचायला शिडीची गाडी लागणार आणि ती यायला पाऊण तास. पडदा हिरवा. मुख्य अभियंत्यांनी सही करावी असे त्यांच्यासमोर काहीच नव्हते. तीनदा चुकलेल्या एका कानाशिवाय.

त्यांनी बाईंना विचारले, तुमचा अंदाज काय?

“गाळा उताराकडे सरकलाय. चव्वेचाळीसचे बोल्ट गेले असणार. कचरा असता तर दात तिरपे झाले नसते.” त्यांनी वही परत हातात घेतली. “आणि साहेब, मी तीन वेळा चुकले म्हणून हा सांधा खोटं बोलत नाही.”

सही आठ वाजून दहा मिनिटांनी झाली. हुकूम संध्याकाळपर्यंतचा.

शिडीची गाडी नऊला आली. मोजपट्टी वर गेला. नऊ चाळीसला त्याने रेडिओवर जे सांगितले ते नियंत्रण कक्षाच्या ध्वनिफितीत आहे. टेकूचे चार बोल्ट. तीन तुटलेले. त्यांतल्या दोनांची तोंडे गंजलेली, म्हणजे जुनी मोड. तिसऱ्याची चकचकीत. चौथा शाबूत, पण वाकलेला. एवढे सांगून तो म्हणाला की ताईंना सांगा, म्हाताऱ्यांनाही सांगा.

मग कुणालाच काही करता येण्यासारखे नव्हते. जॅक लावायला निदान सहा तास हवे होते आणि ऊन थांबणार नव्हते. सगळ्यांना पुलावरून खाली उतरवले. खालचा रस्ता आणि दोन्ही बाजूंची पायवाट दोरी लावून बंद केली. फट दर पंधरा मिनिटांनी दुर्बिणीतून वाचली जात होती. दहाला आठ. पावणेअकराला पाच. अकरा चाळीसला दात मुळाशी टेकले.

बारा वाजून सहा मिनिटांनी चौथा बोल्ट तुटला. आवाज समुद्रापर्यंत गेला, असे मासळी उतरवणारे लोक सांगतात. गाळा खांब ४४ वर सहा मिलिमीटर मागे सरकला, धूळ उडाली आणि थांबला. खांबांना इजा झाली नाही. त्या क्षणी पुलावर आणि पुलाखाली एकही वाहन, एकही माणूस नव्हता. एरवी सोमवारी त्या वेळी त्या गाळ्यावर सरासरी तेवीस वाहने असतात.

चौथ्या मजल्यावर आईने पोळपाट ओट्यावर ठेवला आणि ती खिडकीशी आली. वडील तिथेच होते. तिने विचारले, गेली का? ते म्हणाले, नाही, बोलली. आईने त्यांच्या चहाच्या कपावर बशी झाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना खिडकीतून उठवले नाही.

बुधवारची बैठक झाली. बाईंनी तीन ओळी वाचून दाखवल्या, पहिल्या वाक्यात आपले पद सांगून. त्यानंतर मुख्य अभियंत्यांनी बोलायची परवानगी मागितली. ते म्हणाले की त्यांचा प्रस्ताव यंत्रांबद्दल बरोबर होता आणि माणसांबद्दल अपुरा. यंत्राला त्यांनी वाढलेला आवाज ओळखायला सांगितले, गेलेला आवाज ओळखायला सांगायचे कुणाला सुचलेच नाही. बाईंनाही ते तीन आठवडे सुचले नाही. सुचले ते एकाच माणसाला, कारण त्याने तो आवाज जन्माला घातला होता. यावर समितीच्या एका सदस्याने विचारले की मग प्रत्येक सांध्याशेजारी एकेक निवृत्त फोरमन राहायला ठेवायचा का. सगळे हसले; मुख्य अभियंतेही. बैठक तहकूब करण्यात आली. गस्तीबाबतचा निर्णय तोवर राखून ठेवला आहे.

गुरुवारी गाळा जॅकवर उचलला गेला. जुनी पट्टी काढताना वडिलांना बोलावले होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी घट्ट केलेले बोल्ट सुटताना त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिला. आटे शाबूत होते. सैल कडेखाली टाळीने घासून चांदीसारखा झालेला तळहाताएवढा भाग होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. तिथल्या तरुण फिटरने म्हटले की काका, बाकी सगळं काम तुमचं अजून नव्यासारखं आहे. वडील म्हणाले, बाकी सगळं नीट होतंच. पण परत येताना जिन्यात ते मुलीच्या पुढे चालत होते, आणि चौथा मजला येईपर्यंत कुठे टेकले नाहीत.

नव्या पट्टीचा आराखडा त्याच संध्याकाळी बाईंच्या टेबलावर आला. आराखडा विभागाने एक प्रश्न विचारला आहे. पट्टी पूर्ण सपाट बसवायची, की एका कडेला मिलिमीटरभर जागा ठेवायची, पूर्वी होती तशी, म्हणजे आवाज राहील? त्याने पट्टीचे आयुष्य थोडे कमी होईल. किती, ते त्यांनी काढून दिले आहे. मोजपट्टीचे मत जागा ठेवावी असे आहे. मुख्य अभियंत्यांनी शेरा मारला आहे: गस्तीच्या प्रमुखांनी ठरवावे.

बाईंनी जेवताना वडिलांना विचारले. उत्तर देणे त्यांना अवघड जाईल असे बाईंना वाटले नव्हते, गेलेही नाही.

“सपाट,” ते म्हणाले. “चूक आहे ती. तिचं चांगलं झालं म्हणून ती चूक नाही असं होत नाही.”

आई म्हणाली की एकतीस वर्षे जिच्यासाठी माझी झोप मोडली, तिला आता हा माणूस चूक म्हणतो. आणि मुलीच्या ताटात भाजी वाढता वाढता, तिच्याकडे न बघता म्हणाली, “मला विचारशील तर वाजू दे. सवय झालीय.”

आराखडा शनिवारी दुपारपर्यंत कारखान्यात जायला हवा. किनारी मार्गाची दक्षिण बाजू अजून बंद आहे. वळवलेल्या वाहतुकीचा सरासरी उशीर आता नऊ मिनिटे आहे. शुक्रवारी सकाळी पंचवीस अंशांना फट एकोणचाळीस मिलिमीटर होती. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बाई कार्यालयातून निघाल्या, तेव्हा आराखड्यातला पट्टी कशी बसवायची हा रकाना कोरा होता.